मनातला पेच आणि विचाराची वाट



रोवणी आटोपली आहे, बांध्यांत पाणी उभं आहे आणि आमगावकडचा एक तरुण धुऱ्यावर बसून विचार करतो आहे, असं समजा. नागपूरजवळच्या कारखान्यात त्याला नोकरी मिळते आहे. इकडे बापामागं राहिलेली दोन एकर धानाची जमीन, घरात म्हातारी आई, आणि ती काही गाव सोडायची नाही. जावं की राहावं? मामा म्हणतात, "जा बाबा, दोन एकरांत काय पिकतं?" शेजारी म्हणतो, "आईला टाकून जाशील काय रे?" सल्ले दोन मिळाले, पेच मात्र जिथल्या तिथं.

या तरुणाला काही रोग झालेला नाही, आणि हिशेबाची वही उघडूनही त्याचं उत्तर सापडणार नाही. त्याचा प्रश्न आहे, मी कसं वागावं? हा तर तत्त्वज्ञानाचा मूळचा प्रश्न! तत्त्वज्ञान म्हटलं की आपल्याला जाड ग्रंथ आठवतात. अमळनेरला प्रताप शेठजींनी १९१६ साली तत्त्वज्ञान मंदिर स्थापन केलं, तिथं मोठमोठ्या विद्वानांनी अभ्यास केला. शाळेत शिक्षक होण्यापूर्वी साने गुरुजीही काही काळ तिथं होते. परंतु विद्वान तेवढेच विचार करतात असं थोडंच आहे? अर्जुनाला रणांगणावर पडला तो पेच घरच्याच माणसांविषयीचा होता. लोकमान्यांनी मंडालेच्या तुरुंगात लिहिलेलं 'गीतारहस्य' १९१५ साली निघालं, तेही कर्तव्याच्या अशाच पेचाचा ऊहापोह करतं.

१९८१ साली जर्मनीत, कोलोन शहराजवळ, गेर्ड आखेनबाख या तत्त्वज्ञाच्या अभ्यासकानं एक नवी रीत सुरू केली. ज्याला आयुष्यातला पेच सुटत नाही त्यानं यावं, बसावं, बोलावं. येणाऱ्याला रोगी समजायचं नाही, औषध द्यायचं नाही, अमुकच कर असंही सांगायचं नाही. दोघांनी मिळून त्याच्या प्रश्नाचा विचार करायचा. पुढं ही रीत बऱ्याच देशांत पसरली. रीत नवी म्हटली खरी, पण अथेन्सच्या बाजारात लोकांना प्रश्न विचारीत हिंडणारा सॉक्रेटिस चोवीसशे वर्षांपूर्वी दुसरं काय करीत होता?

आता तो तरुण शाळेच्या ओसरीवर गुरुजींकडे येतो. "गुरुजी, मी गेलो तर कृतघ्न ठरीन," म्हणतो. आपली सवय अशी की लगेच धीर द्यायचा, नाहीतर उपदेश करायचा. गुरुजींनी इथं थोडं थांबावं. विचारावं, "ठरशील म्हणजे कोणाच्या नजरेत? आईच्या, गावाच्या, की तुझ्या स्वतःच्या?" तो गप्प होतो. मग म्हणतो, "गावाच्या." "बरं, आईचे उपकार फेडणं म्हणजे तिच्याजवळ राहणं, की तिची काळजी घेणं? जवळ राहूनही विचारपूस न करणारे तू पाहिले नाहीस काय?" पाहिलेले असतात. "आणि तिला स्वतःला काय वाटतं, हे तू विचारलंस?"

बहुधा इथंच गाडी अडते. सगळ्या गावाला विचारून झालेलं असतं, आईला तेवढं विचारलेलं नसतं.

बघा, गुरुजींनी जा म्हटलं नाही, राहा म्हटलं नाही. 'कृतघ्न' हा एक शब्द त्यांनी उलगडला, आणि आईची काळजी व लोकांची भीती एकात एक गुंतली होती ती वेगळी झाली. असं बोलणं एका बैठकीत संपत नाही. कधी तर मूळ प्रश्नच बदलतो. मला स्वतःला वाटतं, यात सर्वांत कठीण काम विचारणाऱ्याचं आहे. उत्तर आपल्या ओठावर आलेलं असतं, आणि ते गिळावं लागतं. शिक्षकाला तर फारच कठीण!

शिक्षक बंधुभगिनींनो, एक मर्यादा मात्र ध्यानात असू द्या. माणसाची झोप उडाली, जेवण तुटलं, तो जिवाचं बरंवाईट करण्याच्या गोष्टी बोलू लागला, तर शब्द उलगडीत बसू नका. तिथं डॉक्टरच हवा. त्याला एकटं सोडू नका, सरकारी दवाखान्यात घेऊन जा. १४४१६ या क्रमांकावर सरकारची 'टेलि-मानस' ही मोफत सेवा २०२२ सालापासून चालू आहे. तिथं फोन लावून द्या. कर्जाचा तगादा असेल तर बँकेच्या माणसाची गाठ घालून द्यावी. पैशाचं दुःख चर्चेनं फिटत नाही.

त्या तरुणानं घरी जाऊन आईला विचारलं असं समजू. ती म्हणाली, "जा रे, पण रात्रीबेरात्री मला दुखलं-खुपलं तर दवाखान्यात नेणार कोण?" आता कृतघ्नतेचा प्रश्न उरला नाही. शेजारच्या भावकीत कोणाला सांगून ठेवायचं, धान कोणाला बटईनं द्यायचं, महिन्यातून कितीदा गोंदियाची गाडी धरायची, हे प्रश्न उरले. त्यांची उत्तरं पटली नाहीत तर तो कदाचित जाणारही नाही.