आजीबाईंचा दावा

वैशाख लागतो. ऊन कडक होते. घरातली म्हातारी माणसे ओसरी सोडून आत येऊन पडतात. आजी म्हणते, "यंदा फारच उकडतंय रे बाबा." आपण म्हणतो, "उन्हाळाच तो. उकडायचंच." एवढ्यावर बोलणे संपते.

पण एका दूरच्या देशातल्या आजीबाईंनी ते संपू दिले नाही. त्यांनी आपल्या सरकारवर दावा लावला. त्या दाव्याची हकीकत आम्ही आज सांगणार आहोत.

युरोपात स्वित्झर्लंड नावाचा छोटा देश आहे. उंच डोंगर, डोंगरांवर बर्फ. तुम्ही म्हणाल, तिथे उन्हाचे कसले भय? पण तिथली घरे थंडी लागू नये अशी बांधलेली असतात. माणसांच्या अंगाला उन्हाची सवय नसते. २००३ साली युरोपात उष्णतेची मोठी लाट आली. स्वित्झर्लंडच्या शेजारी फ्रान्स देश आहे. त्या एका देशात सुमारे १५,००० माणसे दगावली. त्यांत म्हातारी माणसे फार होती.

असे का होते? ऊन लागले की घाम येतो. घाम वाळताना अंग थंड करतो. म्हातारपणी घाम कमी येतो. तहान लागलेली लवकर कळत नाही. हृदयावर ताण पडतो. म्हणून तरुणाला जे ऊन नुसता त्रास देते, ते म्हाताऱ्याचा जीव घेते. युरोपात म्हाताऱ्या बायकांना हा धोका अधिक असल्याचे आढळून आले आहे.

आता ऊन वाढते कशाने, ते पाहू. कोळसा, पेट्रोल, डिझेल जाळले की धूर होतो. त्या धुरात कर्बवायू असतो. तो हवेत साठतो. पृथ्वीची उष्णता वर आकाशात निघून जायची, ती तो अडवतो. अंगावर घोंगडी घेतली की ऊब बाहेर जात नाही ना? तसेच हे. गेली दीडशे-दोनशे वर्षे माणसांनी कारखाने आणि गाड्या चालवून ही घोंगडी जाड केली. म्हणून पृथ्वी तापत चालली आहे. हवामान बदलत चालले आहे.

मग हे जाळणे कमी कोण करणार? एका घराने चूल विझवून ते होत नाही. वीज कशापासून करायची, कारखान्यांना कोणता नियम लावायचा, हे सरकार ठरवते. ह्याला सरकारचे धोरण म्हणतात.

स्वित्झर्लंडमधल्या काही वृद्ध बायकांनी २०१६ साली एक संघ काढला. पुढे संघात २,००० हून जास्त बायका झाल्या. सरासरी वय ७३ वर्षे! त्यांनी सरकारला अर्ज केला. अर्जात लिहिले, "तुमचे धोरण तोकडे आहे. त्यामुळे आमच्या जिवाला धोका आहे. आम्हांला जगण्याचा हक्क आहे. तो राखणे हे तुमचे काम आहे."

सरकारने अर्ज फेटाळला. बायका कोर्टात गेल्या. २०१८ साली त्या हरल्या. वरच्या कोर्टात गेल्या. २०२० साली तिथेही हरल्या. एका कोर्टाचे म्हणणे पडले की, ऊन काय तुम्हांला एकट्यांनाच लागते? ते सगळ्यांना लागते. दुसऱ्याचे म्हणणे पडले की, अजून वेळ आहे. इतके नुकसान तुमचे झालेले नाही.

देशातली कोर्टे संपली. आता कुठे जायचे? युरोपातल्या देशांनी १९५० साली माणसांच्या हक्कांचा एक करार केला आहे. तो करार कोणी मोडला तर तक्रार ऐकायला फ्रान्समधल्या स्ट्रासबर्ग शहरात एक मोठे कोर्ट आहे. बायका तिथे गेल्या. संघाबरोबर चौघीजणींनी आपल्या स्वतःच्या नावानेही तक्रार केली. त्या चौघींतली एक निकाल येण्याआधीच वारली.

९ एप्रिल २०२४ रोजी निकाल लागला. १७ न्यायाधीश होते. त्यांतल्या १६ जणांनी संघाच्या बाजूने कौल दिला. कोर्ट म्हणाले, हवामानाच्या बदलापासून लोकांचे जीव, आरोग्य आणि सुखाने जगणे राखण्यासाठी सरकारने पुरेसे उपाय केलेच पाहिजेत. स्वित्झर्लंडने ते केले नाहीत. एकूण किती धूर सोडायचा, ह्याचा नीट हिशोबही बांधला नाही. आधी ठरवलेला आकडाही पाळला नाही.

आमचा देश एवढासा, आमच्या धुराने काय होते, असे कोणत्याही देशाला म्हणता येणार नाही, हेही कोर्टाने सांगितले. थेंबे थेंबे तळे साचते. तेव्हा ज्याने त्याने आपला थेंब मोजला पाहिजे.

ह्या निकालात एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. चौघीजणींच्या स्वतःच्या तक्रारी कोर्टाने दाखल करून घेतल्या नाहीत. संघाची तक्रार मात्र ऐकली. गाव करी ते राव न करी, असे आपण म्हणतो. तसेच झाले.

मग आजीबाई जिंकल्या, आणि ऊन कमी झाले का? नाही हो. कोर्टाच्या हुकमाने ऊन उतरत नाही. इतकेच काय, जून २०२४ मध्ये तिथल्या लोकसभेसारख्या सभेने ठराव केला की, आमचा देश पुरेसे करतो आहे, आणखी काही करण्याची गरज नाही. तेव्हा भांडण मिटले असे म्हणता येत नाही. पण एक गोष्ट कायद्याने ठरली. उन्हापासून, पुरापासून लोकांना वाचवणे ही सरकारची मेहेरबानी नव्हे. तो लोकांचा हक्क आहे.

तुम्ही विचाराल, परक्या देशातल्या निकालाचे आम्हांला काय? तर ऐका. त्याच्या १९ दिवस आधी, २१ मार्च २०२४ रोजी, आपल्या सुप्रीम कोर्टाने असेच सांगितले. तिथे खटला माळढोक पक्ष्याचा होता. राजस्थान आणि गुजरातमध्ये सूर्याच्या उन्हावर आणि वाऱ्यावर वीज करतात. त्या विजेच्या तारांना आपटून हे पक्षी मरतात. अशी धूर न करणारी वीज तर हवी, आणि पक्षीही वाचला पाहिजे. ह्यातून वाट काढण्यासाठी कोर्टाने जाणकारांची समिती नेमली. आणि सांगितले की, हवामानाच्या बदलाच्या वाईट परिणामांपासून मुक्त राहणे हा भारताच्या माणसाचा हक्क आहे. घटनेच्या २१ व्या कलमात जगण्याचा हक्क आहे. १४ व्या कलमात समानतेचा हक्क आहे. त्या दोन्हींत हा हक्क येतो.

समानता इथे कुठून आली? पाहा. ज्याच्या दारात चार मोटारी, त्याच्या घरात गारवा करणारे यंत्र असते. जो बांधावर राबतो, डोक्यावर विटा वाहतो, त्याने धूर थोडाच केला. पण ऊन त्याच्याच डोक्यावर. हा अन्याय नव्हे काय?

म्हणून येत्या उन्हाळ्यात आजी "फार उकडतंय" म्हणाली, तर "उन्हाळाच तो" म्हणून उठून जाऊ नका. तिला सावलीत बसवा, थोड्या थोड्या वेळाने पाणी द्या. आणि ग्रामसभेत उभे राहून विचारा: उन्हाच्या दिवसांत गावात पाणी कुठे मिळेल, कामाच्या जागी सावली कोण करील, एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसाकडे रोज कोण डोकावेल? एकट्याने विचारू नका. दहाजण मिळून विचारा.