काउंटी एकीकडे, थडगं दुसरीकडे

आमच्या मंडळाचं छत्र्या-समाध्यांच्या नोंदवहीचं काम एका प्रश्नावर सारखं अडतं. माणूस ‘इथला’ म्हणायचा तो कशावरून? मल्हारराव होळकर इंदूरचे, यात वाद नाही. पण १७६६ साली ते गेले आलमपूरला, आणि त्यांची छत्रीही तिकडेच, भिंड जिल्ह्यात. मग ती आपल्या वहीत घ्यायची का?

अमेरिकेत स्थानिक इतिहासाची मंडळी हेच काम दफनभूमीवरून करतात. म्हणून मी तिथली एक ग्रामीण काउंटी तपासून पाहिली: इलिनॉयच्या वायव्य टोकाची जो डेव्हिस काउंटी. काउंटी म्हणजे ढोबळमानाने जिल्हा, पण वस्ती जेमतेम २२ हजार, आपल्याकडच्या तालुक्याच्या गावाएवढी. मुख्य गाव गलीना. गलीना हे शिशाच्या खनिजाचं नाव. एकोणिसाव्या शतकात खाणींमुळे गावात पैसा आला, पैशामागे वकील आले, आणि वकिलांतून पुढारी झाले.

घोळ नावापासूनच आहे. जोसेफ डेव्हिस हा केंटकीचा वकील. १८११ मध्ये इंडियानात टिपेकनूच्या लढाईत तो पडला आणि तिथेच रणभूमीवर पुरला गेला. काउंटी झाली १८२७ साली. शिवाय तो आडनावात आधी ‘ई’ आणि मग ‘आय’ लिहायचा. काउंटीच्या नावात ही अक्षरं उलटी झाली. सूचीत शोधताना इथेच माणूस हातचा निसटतो.

आता एलिहू वॉशबर्न. हा मूळचा मेन राज्याचा, १८४० मध्ये गलीनात वकिली करायला आला. १८५३ ते १८६९ प्रतिनिधिगृहात होता. लिंकनचा पाठीराखा, ग्रँटला पुढे आणणारा. परराष्ट्रमंत्री झाला तो दोन आठवडेसुद्धा नाही. नंतर पॅरिसला वकील म्हणून गेला आणि १८७०-७१च्या वेढ्यात शहर न सोडता तिथेच राहिला. त्याचे दोन भाऊ त्याच काळात, दुसऱ्या दोन राज्यांतून, त्याच सभागृहात होते. तेही आपापल्या राज्यात पुरले आहेत, एक मेनमध्ये, दुसरा विस्कॉन्सिनात. एलिहू १८८७ मध्ये शिकागोत वारला, पण त्याला आणलं गलीनाच्या ग्रीनवुड दफनभूमीत. (यानेही आडनावाला शेवटी एक ‘ई’ जोडून घेतला होता. भावांच्या नावात तो नाही!)

उलट जॉन रॉलिन्स गलीनातच जन्मलेला, तिथलाच वकील. ग्रँटचा युद्धमंत्री असताना १८६९ मध्ये क्षयाने गेला. त्याला आधी वॉशिंग्टनच्या काँग्रेशनल दफनभूमीत ठेवलं, पुढे आर्लिंग्टनला हलवलं. म्हणजे जन्माने गलीनाचा तो बाहेर, आणि बाहेरून आलेला गावात.

एडवर्ड बेकर तर आणखी फिरला. गलीनातून काँग्रेसमध्ये निवडून आला, मग कॅलिफोर्नियाला गेला, मग ओरेगॉनचा सिनेटर झाला. १८६१ मध्ये बॉल्स ब्लफला मारला गेला. पुरला सॅन फ्रान्सिस्कोत, आणि तिथली ती जुनी दफनभूमी उठवल्यावर त्याचे अवशेष लष्करी दफनभूमीत गेले. ग्रँटचं सांगायलाच नको, तो न्यूयॉर्कला आहे. गलीनात त्याचं घर तेवढं पाहायला मिळतं.

इंजिनिअर म्हणून मला यातली दफनभूमीची व्यवस्था आवडली. जमिनीचे विभाग, विभागात क्रमांक घातलेले भूखंड, एखाद्या ले-आऊटसारखं. दगडावर नाव दिसलं म्हणजे खाली माणूस असेलच असं नाही, कधी ते नुसतं स्मारक असतं. अशा वेळी दगडापेक्षा भूखंडाच्या वहीवर भरवसा ठेवावा लागतो. आपल्याकडे दहन असल्यामुळे अशी वहीच नसते. छत्री बहुधा नंतर बांधलेली, आणि एकाच माणसाच्या दोन ठिकाणीही सापडते.

तेव्हा आपल्या नोंदवहीत मी एका रकान्याचे तीन केले आहेत: कार्य कुठे, निधन किंवा दहन कुठे, स्मारक कुठे. मल्हाररावांसमोर पहिल्यात इंदूर लिहिलं, बाकी दोन्हींत आलमपूर. काही सभासदांना हे पटलेलं नाही. पुढच्या बैठकीला त्यांनी आपापल्या गावची एकेक नोंद याच तीन रकान्यांत भरून आणावी, मग बोलू.