जकात गेली, तिची बाकी कोण फेडतो?

राज्याचा अर्थसंकल्प जवळ आला, की व्यापार-उद्योगांच्या संघटनांची शिष्टमंडळे मंत्रालयाच्या पायऱ्या चढू लागतात. अर्थमंत्र्यांना निवेदन दिले जाते, छायाचित्र निघते आणि दुसऱ्या दिवशी वृत्तपत्रांच्या आतल्या पानावर चार ओळींची बातमी येते. मास्तर आणि कारकून मंडळी ती सहसा वाचत नाहीत. हा प्रश्न शेठजींचा आहे, आपला नव्हे, अशी त्यांची समजूत असते. ही समजूत त्यांना बरीच महाग पडली आहे.

या संघटनांची परंपरा मोठी आहे. वालचंद हिराचंद यांनी १९२७ साली महाराष्ट्र चेंबर ऑफ कॉमर्सची स्थापना केली. पुण्याचे मराठा चेंबर १९३४ सालचे. परकी राजवटीत एतद्देशीय उद्योजकाची बाजू मांडणारे कोणी तरी हवेच होते, आणि स्वराज्यातही सरकारपुढे आपली गाऱ्हाणी संघटितपणे मांडण्याचा व्यापाऱ्याचा अधिकार कोणी नाकारू नये. त्यांच्या निवेदनांतील बहुतेक गाऱ्हाणी खरीही असतात. उद्योगांना विजेसाठी खर्चापेक्षा जास्त दर मोजावा लागतो, कारण शेतीपंपांची सवलत काही अंशी त्यांच्या देयकातून भरून काढली जाते. परवान्यांसाठी दहा दारे ठोठवावी लागतात, हेही खोटे नाही. तथापि निवेदनात जमेची बाजू तेवढी लिहिलेली असते. सवलत मिळाल्यावर जो खड्डा पडतो तो कोणी भरावयाचा, हे त्यात बहुधा नसते. याचा सर्वांत बोलका दाखला म्हणजे जकात.

जकात हा कर वाईटच होता. विक्रीसाठी, वापरासाठी किंवा उपभोगासाठी माल शहराच्या हद्दीत आला, की वेशीवरच तो वसूल केला जाई. मुंबईच्या दहिसर, मुलुंड, ऐरोली, मानखुर्द येथील नाक्यांवर मालमोटारींच्या रांगा लागत, डिझेल आणि वेळ जळे, आणि पावतीवर लिहिलेल्या किमतीपेक्षा न लिहिलेल्या तडजोडीच अधिक होत. ती रद्द व्हावी ही व्यापारी संघटनांची मागणी कित्येक वर्षांची होती. १९९९ साली राज्यातील नगरपालिकांची जकात गेली आणि तिच्या बदली सरकारी अनुदान आले. महापालिकांची जकात मात्र चालू राहिली, कारण तिच्यावाचून त्यांचे पानही हलत नव्हते.

२०१० पासून टप्प्याटप्प्याने स्थानिक संस्था कर, म्हणजेच एलबीटी, आला. त्यात नाका नव्हता, रांग नव्हती. व्यापाऱ्याने आपल्या वह्या पाहून स्वतः आकारणी करावी आणि कर भरावा, अशी योजना होती. नाके नकोत हीच मूळ तक्रार असती, तर हा कर गोड वाटावयास हवा होता. पण त्याला जकातीहूनही प्रखर विरोध झाला. महापालिकेच्या अधिकाऱ्याने दुकानात येऊन वह्या तपासाव्यात, हे व्यापाऱ्यांना मान्य नव्हते. इन्स्पेक्टर राज्याची भीती अगदीच निराधार होती असेही नाही. २०१३च्या उन्हाळ्यात पुण्या-मुंबईसह अनेक शहरांतील दुकाने बंद राहिली. १ ऑगस्ट २०१५ पासून पन्नास कोटींहून कमी उलाढाल असलेल्या व्यापाऱ्यांना हा कर माफ झाला, आणि १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कराबरोबर तो आणि मुंबईची जकात दोन्ही कायमची गेली.

एलबीटीच्या कायद्याबरोबरच शहरी मिळकतींच्या खरेदीखतांवर मुद्रांक शुल्कात एक टक्क्याची वाढ करण्यात आली होती. कर गेला, तो टक्का राहिला. आजही पुण्यात सदनिकेची नोंदणी करणाऱ्याला शुल्काच्या तपशिलात एलबीटीचा एक टक्का म्हणून तो दाखविला जातो. पन्नास लाखांच्या घरावर त्याचे पन्नास हजार रुपये होतात. घरासाठी कर्ज काढणाऱ्या शिक्षकाने ते भरले आहेत. या टक्क्यासाठी कोणत्याही शहराची बाजारपेठ एक दिवसही बंद राहिली नाही.

दुसरा परिणाम अधिक खोल आहे. मुंबई महापालिकेला जकातीपासून वर्षाला सुमारे सात हजार कोटी रुपये मिळत होते. जुलै २०१७ मध्ये तिला भरपाईचा पहिला मासिक हप्ता म्हणून सुमारे ६४७ कोटींचा धनादेश समारंभपूर्वक देण्यात आला. भरपाई दरवर्षी आठ टक्क्यांनी वाढत जाईल, अशी तरतूद राज्याच्या कायद्याने केली. रक्कम वाईट नव्हती. परंतु स्वतःचा कर गोळा करणारी संस्था दरमहा मनीऑर्डरची वाट पाहू लागली, हा फरक रकमेत मोजता येत नाही. वस्तू व सेवा करामुळे राज्यांना केंद्राकडून मिळणारी भरपाई पाच वर्षांचीच होती. तिची मुदत जून २०२२ मध्ये संपली. शहरांची देणी मात्र राज्याच्या माथी राहिली. त्याच वर्षी मुंबईसह अनेक महापालिकांची मुदत संपली, आणि निवडणुका लांबल्यामुळे तेथे पुढे कित्येक वर्षे प्रशासकांचा कारभार चालला. कर स्वतःचा नाही आणि नगरसेवकही नाही, अशा स्थितीत महापालिका शाळेच्या गळक्या छपराची तक्रार कोणाकडे करावयाची?

आता पाळी व्यवसाय कराची आहे. तो रद्द करावा ही व्यापारी संघटनांची मागणीही जुनी आहे. वस्तू व सेवा कर आल्यावर तिला अधिक जोर चढला. हा कर नोकरदारांच्या ओळखीचा आहे. वेतनपत्रकात दरमहा दोनशे आणि फेब्रुवारीत तीनशे रुपये कापले जातात ते याचेच. त्यामुळे ही मागणी ऐकून कारकुनालाही बरे वाटेल. पण हा कर आला कशासाठी, हे आठवावयास हवे. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून निघालेल्या रोजगार हमी योजनेने १९७२च्या दुष्काळात लाखो हातांना खडी फोडण्याचे का होईना, पण काम दिले. ती योजना पुढे चालावी म्हणून १९७५ साली हा कर बसविण्यात आला. शहरातील मिळवत्याने खेड्यातील बेकाराच्या मजुरीला हातभार लावावा, हा त्यामागचा हिशेब होता. भारतातील असा करार दुर्मिळच म्हणावा लागेल.

व्यापारी म्हणतात, २००५च्या केंद्रीय कायद्याने शंभर दिवसांच्या मजुरीचा भार दिल्लीने उचलला, मग या कराचे प्रयोजन काय उरले? या निधीतील सारा पैसा योजनेवर खर्च झाला नाही, ही टीकाही जुनीच आहे, आणि ती खोडून काढणे सोपे नाही. पण कराचा खरा दोष वेगळाच आहे. घटनेच्या २७६व्या कलमाने त्यावर वर्षाला अडीच हजारांची मर्यादा घातली आहे, आणि ती १९८८ पासून हललेली नाही. त्यामुळे दरमहा दहा हजारांहून थोडे अधिक मिळविणारा लिपिक आणि कोट्यवधी मिळविणारा कंपनीचा संचालक, दोघेही सारखेच अडीच हजार भरतात. २०२३ पासून पंचवीस हजारांपर्यंत वेतन असलेल्या स्त्रियांना सूट मिळाली, एवढीच काय ती दुरुस्ती. ही मर्यादा उठवून वरच्यांनी अधिक भरावे आणि खालच्यांना मोकळे करावे, अशी मागणी निवेदनांतून सहसा पुढे येत नाही. शिक्षकांच्या आणि कर्मचाऱ्यांच्या संघटनांनी तरी ती मांडावयास हवी. त्यांचीही अधिवेशने भरतात आणि ठराव होतात, पण वेतनश्रेणी आणि निवृत्तिवेतन यांपलीकडे त्यांची नजर क्वचितच जाते.

अर्थखात्याकडे येणारी सारी निवेदने अर्थसंकल्पाबरोबर सभागृहापुढे ठेवावीत, आणि रद्द करा म्हटलेल्या प्रत्येक करासमोर त्याचे गेल्या वर्षीचे उत्पन्न छापावे. त्यासाठी नवा कायदा नको. हे आकडे खात्याच्या कागदपत्रांत आहेतच. केवळ आणखी एक रकाना आखावा लागेल.