फ्रेंचमधला ‘माँ’ नेमका कुठे जोडला जातो?

पुण्यात रानडे इन्स्टिट्यूटमध्ये असो की आणखी कुठे, फ्रेंच शिकू लागलं की एक सूत्र लवकरच कानावर पडतं: विशेषणाला ‘माँ’ लावा, क्रियाविशेषण तयार. सूत्र अर्धंच आहे, आणि वगळलेला अर्धा भाग फार सुंदर आहे.

हा ‘माँ’ मुळात प्रत्यय नव्हताच. लॅटिनमधल्या ‘मेन्स’चा अर्थ मन, आणि ‘मेंते’ म्हणजे ‘मनाने’. आपण ‘मोकळ्या मनाने’, ‘शांत मनाने’ म्हणतो, तीच ही रचना. संस्कृतातली ‘मति’ही याच मुळातून आलेली. लॅटिनमध्ये हे मन स्त्रीलिंगी, म्हणून त्याच्या आधीचं विशेषणही स्त्रीलिंगी. ‘हळू’साठी पुल्लिंगी रूप ‘लाँ’, स्त्रीलिंगी ‘लाँत’, त्यावरून ‘लाँतमाँ’. स्पॅनिशमध्ये अशी दोन क्रियाविशेषणं जोडून आली, तर ‘मेंते’ शेवटच्यालाच लागतं. एकेकाळी तो सुटा शब्द होता, याची ही खूण.

शब्द जिथे जोडला तिथेच अक्षर तुटतं, हा दुसरा गैरसमज. ओळीच्या शेवटी ‘लाँतमाँ’ तोडायचा तर लेखनात त्याचे तीन तुकडे होतात, आणि मधला ‘त’ स्पेलिंगमधल्या पुढच्या ‘ई’ला (e) घेऊन वेगळा पडतो. पॅरिसच्या बोलण्यात तो ‘ई’ गळतो. उरतात दोनच अक्षरं, लाँत्-माँ. मराठी माणसाला यात नवल वाटू नये. ‘करणे’ आपण तीन अक्षरांत लिहितो आणि ‘कर्-णे’ म्हणतो. दक्षिण फ्रान्समध्ये मात्र हा ‘ई’ अनेकांच्या बोलण्यात ऐकू येतो, आणि अभिजात फ्रेंच काव्याच्या बारा अक्षरांच्या ओळीत तो मोजावाच लागतो. म्हणून ‘अक्षरं किती?’ या प्रश्नाला लेखन, बोलणं आणि वृत्त यांची उत्तरं वेगवेगळी असू शकतात.

सर्वांत जास्त गोंधळ ‘कोंस्तामाँ’ (सतत) आणि ‘रेसामाँ’ (नुकतंच) यांचा होतो. स्पेलिंगमध्ये एकीकडे ‘ए’, दुसरीकडे ‘ई’. पुढे दोन्हीकडे जोड ‘एम’. नवखा विद्यार्थी दुसरा शब्द ‘रेसेमाँ’ वाचतो. उच्चार दोन्हीकडे ‘आमाँ’ हाच. लिहिताना शब्द दोन ‘एम’च्या मधून तुटतो, बोलताना ‘म’ एकच येतो. या शब्दांत स्त्रीलिंगी ‘ई’ का नाही? कारण त्या गटातल्या लॅटिन विशेषणांना पुल्लिंग-स्त्रीलिंगासाठी एकच रूप होतं. ‘लाँ’ त्यांच्यासारखा दिसतो, पण तो ‘लेंतुस’वरून आला आणि त्याला वेगळं स्त्रीलिंगी रूप होतं. ज्याला व्याकरणात अपवाद म्हणून पाठ करायला लावतात, त्यामागे इतका सरळ इतिहास आहे.

शेवटी ‘माँ’ दिसला की क्रियाविशेषण, असंही नाही. ‘गूव्हेर्नमाँ’ म्हणजे सरकार. ते नाम आहे, आणि त्यातला ‘माँ’ लॅटिन ‘मेंतुम’ या प्रत्ययातून आला, मनाशी त्याचा संबंध नाही. उलट ‘व्हीत’ (पटकन) आणि ‘सूव्हाँ’ (अनेकदा) ही रोजच्या वापरातली क्रियाविशेषणं ‘माँ’शिवायच चालतात.