सुटी झाल्यावर

1 जुलै 1998 ला वाशिम जिल्हा अकोल्यातून वेगळा झाला, तरी अर्धांगवायूचा किंवा खुब्याचं हाड मोडलेला पेशंट अजूनही बरेचदा अकोल्यालाच हलवतात. 9 ऑक्टोबर 2024 ला वाशिमच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं उद्घाटन झालं, ही मोठी गोष्ट आहे. पण दवाखाना कितीही जवळ आला तरी काही दिवसांनी सुटी होतेच, आणि खरी शुश्रूषा घरच्या बाजेवर सुरू होते. बाकीचे सोयाबीनच्या सोंगणीला जातात. घरी उरते सून. औषधांची चिठ्ठी तिच्या हाती असते, पण माणसाला कुशीवर कसं वळवायचं हे तिला कुणी दाखवलेलं नसतं.

पहिला शत्रू पाठीची जखम, म्हणजे बेडसोअर. हाड आणि अंथरूण यांच्यामध्ये कातडी दाबली गेली की तिथला रक्तपुरवठा थांबतो आणि मांस आतून मरायला लागतं. माकडहाड, खुबे, टाचा, कोपर आणि डोक्याची मागची बाजू या जागा रोज उजेडात पाहाव्यात. लाल डागावर बोट दाबून सोडा. क्षणभर पांढरा पडून पुन्हा लाल झाला तर रक्त अजून फिरतंय. लालच राहिला, किंवा सावळ्या अंगावरची ती जागा काळपट, गरम, कडक लागली, तर जखमेची सुरुवात झाली असं समजा. त्या जागेवर भार अजिबात येऊ देऊ नका. अशा डागावर तेल घेऊन जोरात चोळायची आपल्याकडे सवय आहे. ती सोडा, त्याने आतलं मांस आणखी फाटतं. मधे भोक असलेली रबरी चकतीही नको, कारण तिच्या कडेचा दाब रक्त अडवतो.

ढिली बाज मधे खोल जाते आणि सगळा भार कमरेवर येतो. म्हणून नवार कसून घ्या, नाहीतर सपाट पलंगावर जाड गादी घाला. दर दोन तासांनी कूस बदला. पाठीमागे उशी देऊन थोडंसं तिरपं ठेवलं तरी पुरतं. वर सरकवताना काखेत हात घालून ओढू नका. कमरेखाली दुहेरी चादर घाला आणि दोघांनी दोन बाजूंनी उचला. ‘मामंजी, आता कूस बदलते बरं’, एवढं आधी सांगितलं की तेही अंग सैल सोडतात. हवेची गादी आणली तरी कूस बदलणं चुकत नाही.

जेवणात घाई जिवावर बेतते. अर्धांगवायूत गिळणं बिघडू शकतं, अन्न श्वासनळीत जातं आणि न्युमोनिया होतो. गुंगीत असलेल्या माणसाच्या तोंडात पाणी कधीच ओतू नका. पूर्ण बसवा, हनुवटी जराशी खाली ठेवा आणि अर्धा चमचा घास चांगल्या बाजूने द्या. कंठ हललेला दिसला की मगच पुढचा. ठसका लागला किंवा आवाज ओलसर, घरघरता झाला तर थांबा. पातळ पाण्यापेक्षा घट्ट वरण किंवा ज्वारीच्या कण्या गिळायला सोप्या जातात. शेवटी लुळ्या गालात बोट फिरवून उरलेला घास काढा आणि अर्धा तास बसतं ठेवा. नळीतून अन्न देत असाल तरी डोक्याकडची बाजू उंचच हवी.

अशक्तपणा आला की सलाईन लावा म्हणणारे घरोघरी भेटतात. अर्धा लिटरच्या पाच टक्के डेक्स्ट्रोजच्या बाटलीत 25 ग्रॅम साखर असते, म्हणजे शंभराच्याही आत कॅलरी. एक ज्वारीची भाकर याहून जास्त देते. जखम भरायला प्रथिनं लागतात, ती तुरीच्या वरणात, दुधात, अंड्यात आहेत. किडनीच्या पेशंटला मात्र पाणी, मीठ आणि प्रथिनं डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणेच.

लघवीची नळी असेल तर पिशवी कमरेच्या खाली टांगा, पण जमिनीला टेकू देऊ नका. लुळ्या पायाला किंवा मधुमेहाच्या पेशंटच्या पायाला गरम पाण्याची पिशवी लावू नका. चटका बसलेला त्यांना कळत नाही.

रुग्णसेवा हे शिकून करायचं काम आहे. 1909 साली पुण्यात सुरू झालेल्या सेवासदनाने रमाबाई रानडे यांच्या पुढाकाराने बायकांना नर्सिंगच्या शिक्षणाची वाट करून दिली, त्याला शतक उलटून गेलं. ते शिक्षण वाशिमच्या खेड्यातल्या सुनेपर्यंत पोचायची सगळ्यात सोपी जागा म्हणजे वॉर्डातला सुटीचा दिवस. म्हणून गाडी बोलवायच्या आधी सिस्टरला थांबवा. कूस बदलणं, घास भरवणं आणि नळीची काळजी करून दाखवायला सांगा. मग तिच्यासमोर एकदा स्वतःच्या हाताने करा, आणि त्या वेळी घरातल्या एका पुरुषालाही शेजारी उभं करा.