तो फोन येतो तेव्हा...

मीटिंग ऐन भरात आणि मोबाइल वाजतो, ‘दादाला अ‍ॅक्सिडेंट झालाय!’ हातपाय गळतात ना? तरी आधी विचारा, तो आहे कुठे? रस्त्यावरच असेल तर तिथल्या माणसाला १०८ लावायला सांगा. पोलिसांचं झेंगट नको म्हणून तो कचरत असेल, तर कायदाच त्याच्या पाठीशी आहे हेही सांगा. तुम्ही मात्र बाइक काढू नका, रिक्षा करा.

हॉस्पिटलात अ‍ॅलर्जी, चालू औषधं सांगा. केंद्राच्या २०२५च्या योजनेत रस्ते अपघातातल्या जखमीला सात दिवस, दीड लाखापर्यंत कॅशलेस उपचार मिळतात, जरूर विचारा. एफआयआरची कॉपी, बिलं जपा, भरपाईच्या दाव्याला लागतात.

आणि दोन घास खा. डोळे उघडल्यावर त्याला धीराचा चेहरा दिसायला हवा!