सीमोल्लंघन : कोल्हापूर ते बन्नीमंटप

विजयादशमीच्या दिवशी गावाची वेस ओलांडावी, शमीचे पूजन करावे आणि आपट्याची पाने ‘सोने’ म्हणून एकमेकांस द्यावीत, ही महाराष्ट्राची जुनी रीत. तिला आपण सीमोल्लंघन म्हणतो. पूर्वी राजे याच मुहूर्तावर शस्त्रपूजन करून मोहिमेस निघत. मोहिमा संपल्या, सीमा मात्र राहिल्या. त्या ओलांडण्याचे सर्वांत साधे, स्वस्त आणि डोळे उघडणारे साधन म्हणजे बस. पाठीवर सॅक, खिशात मोजके पैसे आणि सोबतीस तीन-चार जिवलग मित्र एवढे असले, की सीमोल्लंघनाची सिद्धता झाली.

अशा प्रवासाचे अखेरचे स्थानक म्हणून म्हैसूरच्या बन्नीमंटपाइतके समर्पक ठिकाण शोधूनही सापडणार नाही. कन्नडमध्ये ‘बन्नी’ म्हणजे शमी आणि ‘मंटप’ म्हणजे आपला मंडप. वोडेयर राजघराण्याने १६१० मध्ये श्रीरंगपट्टण येथे दसरा महोत्सवाची परंपरा सुरू केली, असे मानले जाते. आजही विजयादशमीस राजवाड्यातून निघणारी ‘जंबू सवारी’ सुमारे पाच किलोमीटर चालून बन्नीमंटपास पोहोचते. सुमारे ७५० किलो वजनाच्या सुवर्ण अंबारीत पूर्वी महाराज विराजमान होत. आता तो मान चामुंडेश्वरी देवीचा आहे. मिरवणूक ज्या सय्याजीराव रस्त्यावरून जाते, त्याचे नाव वाचून मराठी माणूस क्षणभर थबकतो. हे सयाजीराव म्हणजे बडोद्याचे सयाजीराव गायकवाड. घरापासून साडेसातशे किलोमीटरांवर असे ओळखीचे नाव भेटावे, याचा आनंद निराळाच.

एका तिकिटाची दोन राज्ये

कोल्हापूरहून म्हैसूरला रात्रीच्या आरामगाडीने झोपून जाता येते. परंतु त्या प्रवासात फक्त अंतर कापले जाते. खरा लाभ हवा असेल तर टप्प्याटप्प्याने, दिवसाउजेडी, साध्या बसने जावे. पहिल्या दिवशी बेळगाव व धारवाडमार्गे हुबळी, दुसऱ्या दिवशी हावेरी व दावणगेरेवरून चित्रदुर्ग, तिसऱ्या दिवशी तुमकूरमार्गे बंगळूर आणि चौथ्या दिवशी रामनगर, चन्नपट्टण, मंड्या, श्रीरंगपट्टण करीत म्हैसूर, असा क्रम सोयीचा पडतो. वाटेत बेळगावचा कुंदा, धारवाडचा पेढा, दावणगेरेचा लोण्याचा डोसा आणि मद्दूरचा वडा यांची हजेरी घेतल्याशिवाय टप्पा पूर्ण झाला असे समजू नये!

कागल मागे पडून दूधगंगेचा पूल ओलांडला की कर्नाटक लागते. खिडकीबाहेर मात्र काहीच बदलत नाही. तोच ऊस, तीच काळी जमीन, तेच बैल. भाषाही एकदम पालटत नाही. निपाणीत आणि बेळगावात दुकानदार मराठी व कन्नड दोन्हींत सहज बोलतो. धारवाडपासून कन्नडचा जोर वाढतो. चित्रदुर्गास पोहोचेपर्यंत बसवरची पाटी वाचण्यासाठी शेजाऱ्याची मदत घ्यावी लागते. ती मदत आनंदाने मिळते आणि तेथूनच गप्पांना आरंभ होतो.

सीमेची खरी जाणीव करून देते ती वाहकाच्या हातातील तिकिटाची यंत्रणा. एसटीने मार्च २०२३ पासून महिलांना दिलेली निम्म्या भाड्याची सवलत राज्याच्या हद्दीपुरतीच आहे. कर्नाटकाने जून २०२३ मध्ये सुरू केलेली मोफत प्रवासाची ‘शक्ती’ योजना त्या राज्याच्या रहिवासी महिलांसाठी आहे. त्यामुळे चमूतील मैत्रिणींचे अंदाजपत्रक पुलाच्या अलीकडे एक आणि पलीकडे दुसरे असते.

बाल्कनमधील वाटसरू

ही सीमा किती सौम्य आहे, हे समजण्यासाठी नजर थोडी दूर न्यावी लागते. आग्नेय युरोपातील बाल्कन प्रदेशात जगभरातील तरुण असेच पाठीवर सॅक घेऊन बसने हिंडतात. बेलग्रेड, सारायेव्हो, मोस्तार, दुब्रोव्हनिक ही त्यांची ठरलेली ठाणी. १९९१ पूर्वी हा सारा मुलूख युगोस्लाव्हिया या एका देशात होता. आज बेलग्रेडहून सारायेव्होला जाताना, म्हणजे कोल्हापूर–दावणगेरेहूनही कमी अंतरात, पारपत्र दोनदा दाखवावे लागते. सर्बियाचा दिनार पुढे चालत नाही. बोस्नियात ‘परिवर्तनीय मार्क’ लागतो आणि क्रोएशियात १ जानेवारी २०२३ पासून युरो. ज्या रस्त्यावरून आज पर्यटकांच्या बसगाड्या धावतात, तेथे एके काळी शेजारी शेजाऱ्यावर बंदूक रोखून उभा होता. मोस्तारचा शतकानुशतके उभा असलेला दगडी पूल ९ नोव्हेंबर १९९३ रोजी तोफांच्या माऱ्याने नदीत कोसळला. तो पुन्हा बांधून जुलै २००४ मध्ये खुला झाला. पूल अकरा वर्षांत उभा राहिला. मने जुळण्यास त्याहून अधिक काळ लागतो.

आपल्याकडील सीमा १९५६ मध्ये आखली गेली ती कायद्याने, रणांगणावर नव्हे. बेळगाव, धारवाड, विजापूर व कारवार हा भाग तोवर मुंबई राज्यात होता. मतभेद आहेत आणि ते गंभीर आहेत. महाराष्ट्राने २००४ मध्ये त्यासाठी सर्वोच्च न्यायालयाचे दार ठोठावले. तथापि, वातावरण तापले की पहिला आघात होतो तो बसवर. डिसेंबर २०२२ मध्ये आणि पुन्हा फेब्रुवारी २०२५ मध्ये दोन्ही राज्यांतील बससेवा काही काळ विस्कळीत झाली. अशा वेळी अडकून पडतो तो उपचारासाठी निघालेला रुग्ण, परीक्षेला निघालेला विद्यार्थी, माहेरी निघालेली लेक आणि बाजाराला निघालेला छोटा व्यापारी. महाराष्ट्रातील एसटी आणि म्हैसूर संस्थानातील सरकारी बससेवा या दोघींचा जन्म एकाच वर्षी, १९४८ मध्ये झाला. या जुळ्या बहिणींची ये-जा अखंड राहणे, हेच शांततेचे सर्वांत विश्वसनीय लक्षण होय.

खिशातील दुवा

मित्रांच्या प्रवासात रुसव्याफुगव्याचे कारण बहुधा हिशेब असतो. निघतानाच प्रत्येकाने समान वर्गणी काढावी, एकाने खजिनदार व्हावे, भाडे व जेवण सामाईक निधीतून आणि खरेदी स्वतःच्या खिशातून करावी. रोजचा जमाखर्च रात्रीच मांडून टाकावा. मोबाइलवरून पैसे देण्याची सोय सर्वत्र झाली असली, तरी सुट्ट्या नोटा जवळ ठेवाव्यात.

अशीच एखादी नोट उलटून पाहावी. मागील बाजूस पंधरा भाषांची पट्टी दिसेल. तीत कन्नड चौथी आणि मराठी आठवी. विशेष म्हणजे रिझर्व्ह बँकेच्या अखत्यारीतील नोटांचा एक मोठा छापखाना म्हैसुरातच आहे. बाल्कनमध्ये तीनशे किलोमीटरांत चलन बदलते. आपल्याकडे कागलच्या चहावाल्याने परत दिलेली नोट बन्नीमंटपाजवळच्या फुलवालीस देताना दोघांनाही काही वेगळे वाटत नाही. या निर्धास्तपणाचे मोल रुपयांत होणार नाही.

या, सोने घ्या

विजयादशमीच्या संध्याकाळी बन्नीमंटपाच्या मैदानावर मशालींची कवायत होते आणि दसऱ्याची सांगता होते. २०२० व २०२१ मध्ये महामारीमुळे जंबू सवारी राजवाड्याच्या आवारातच थांबली. त्या दोन वर्षांनी बाहेर पडण्याची किंमत सर्वांनाच शिकविली. उत्तर कर्नाटकात या दिवशी शमीची पाने देऊन ‘सोन्यासारखे राहू या’ असे म्हणतात. आपणही आपट्याचे पान देताना दुसरे काय म्हणतो?

कन्नडमध्ये ‘बन्नी’ या शब्दाचा आणखी एक अर्थ आहे : ‘या’. पाहुण्याचे स्वागत याच शब्दाने होते. शमीच्या झाडाचे नाव आणि शेजाऱ्याने दिलेली हाक एकाच शब्दात सामावली आहे. यंदाच्या दसऱ्याला ती हाक ऐकावी, चार मित्र जमवावेत आणि वेस ओलांडावी. सर्व वाचकांना सुखरूप प्रवासाच्या शुभेच्छा!